निविदेचे दार आणि न्यायाचा उंबरठा

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यात नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्यापूर्वी, १२ जानेवारी २०२४ रोजी, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्‌घाटन झाले होते. कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग तर २००२ पासून पूर्णपणे वापरात आहे. एका पिढीपूर्वी भातशेती आणि मिठागरे हीच ज्या परिसराची ओळख होती, तेथे अवघ्या पंचवीस वर्षांत सार्वजनिक पैशाची आणि सार्वजनिक जमिनीची हजारो कोटी रुपयांची कामे उभी राहिली.

या कामांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. स्वतः वकील असलेल्या आणि पनवेलचे अनेक वर्षे आमदार राहिलेल्या दि. बा. पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न राज्याच्या वेशीवर टांगला. परंतु त्या प्रश्नाच्या शेजारीच दुसरा एक प्रश्न उभा आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. जमीन घेऊन झाल्यावर जी कामे निघतात ती कोणाला मिळतात? कोणत्या नियमाने मिळतात? आणि नियम मोडला गेला असे ज्याला वाटते, त्याने दाद मागायची कोठे?

या प्रश्नांचा विचार करणाऱ्या कायद्याला सार्वजनिक खरेदीचा कायदा म्हणतात. नाव रुक्ष आहे. व्याप्ती मात्र फार मोठी आहे. समुद्रावरील पूल, विमानतळाची सवलत, टोलवसुलीचा ठेका, शाळेतील बाके, अंगणवाडीतील आहार, गटारांची सफाई हे सारे याच कायद्याच्या कक्षेत येते. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. तिची महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी. पालिका लहान असो वा मोठी, तिचा बहुतेक पैसा निविदेच्या दारातूनच बाहेर पडतो.

सांताक्रूझचे उपाहारगृह

या विषयातील भारतीय कायद्याची पायाभरणी मुंबईच्याच विमानतळावर झाली, आणि तीही एका उपाहारगृहाच्या निमित्ताने झाली. १९७७ च्या जानेवारीत विमानतळ प्राधिकरणाने दुसऱ्या वर्गाचे एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे तीन वर्षे चालविण्यासाठी निविदा मागविल्या. किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या, नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाच्या हॉटेल व्यावसायिकांनीच निविदा भराव्यात, अशी अट सूचनेत स्पष्ट होती. प्रत्यक्षात ज्या संस्थेला काम मिळाले तिला उपाहारगृहे चालविण्याचा अनुभव होता. पण ती नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाची हॉटेल व्यावसायिक नव्हती. तिची बोली मात्र सर्वांत मोठी होती.

रमण दयाराम शेट्टी यांनी या निर्णयाला आव्हान दिले. त्यांनी स्वतः निविदा भरलेलीच नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, ही अट पाळली जाणार नाही हे आधी कळले असते तर आपणही बोली लावली असती. वरकरणी हे म्हणणे चमत्कारिक वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र या प्रकरणाचे मर्म नेमके येथेच आहे. अट मोडली जाते तेव्हा अन्याय केवळ हरलेल्या बोलीवाल्यावर होत नाही. जो सूचना वाचून, अट खरी मानून, प्रामाणिकपणे घरी बसला त्याच्यावरही तो होतो. त्याचे नाव कोणत्याही तुलनातक्त्यात येत नाही आणि त्याचा तोटा कोणी मोजत नाही.

४ मे १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल दिला. न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय असा : शासन खासगी व्यापाऱ्यासारखे मनास येईल त्याच्याशी व्यवहार करू शकत नाही. त्याच्या हातातील कंत्राटे, परवाने व सवलती ही संपत्तीच आहे आणि तिचे वाटप राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानतेच्या तत्त्वाला बांधलेले आहे. शासनाने स्वतः घातलेली अट स्वतःवरही बंधनकारक असते.

या निकालाचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. तत्त्व मान्य होऊनही शेट्टी यांना प्रत्यक्षात काहीच मिळाले नाही. ते पाच महिन्यांहून अधिक उशिरा न्यायालयात आले होते. दरम्यान ठेका मिळालेल्या संस्थेने सामानसुमानावर सव्वा लाखाच्या आसपास खर्च केला होता. शिवाय शेट्टी यांना दुसऱ्याच कोणीतरी पुढे केले आहे, असेही न्यायालयाचे मत झाले. कंत्राट कायम राहिले. नियम जिंकला आणि नियमाची आठवण करून देणारा रिकाम्या हाताने परतला. सार्वजनिक खरेदीच्या कायद्याचा पुढील साऱ्या वर्षांचा इतिहास बीजरूपाने या एका निकालात सामावलेला आहे.

सेतूची निविदा

दुसरे उदाहरण थेट पनवेलच्या परिसरातले आहे. शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणाऱ्या पुलासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने निविदा मागविल्या, तेव्हा रिलायन्स एनर्जी आणि कोरियातील ह्युंदाई कंपनी यांच्या संयुक्त गटाला पहिल्याच टप्प्यावर अपात्र ठरविण्यात आले. वाद निव्वळ रोख नफ्याच्या व्याख्येचा होता. हिशेबातील कोणत्या रकमा या नफ्यात धरावयाच्या आणि कोणत्या वगळावयाच्या, याविषयी महामंडळ आणि कंपनी यांची मते भिन्न होती. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सप्टेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि गटाला पुढील टप्प्यात भाग घेऊ देण्याचा आदेश दिला. न्या. एस. एच. कपाडिया यांनी या निकालात सर्वांना सारखे मैदान मिळण्याच्या तत्त्वाला व्यवसायस्वातंत्र्याच्या घटनादत्त हक्काशी जोडले. पात्रतेचा निकष संदिग्ध असेल तर समान वागणूक अशक्य होते; म्हणून निश्चितता हा कायद्याच्या राज्याचाच भाग आहे, असे त्यांनी म्हटले.

त्यानंतरची कथाही बोधप्रद आहे. २००८ मध्ये बोली उघडल्या तेव्हा एकाच घराण्यातील दोन भावांचे उद्योगसमूह समोरासमोर होते. एकाने टोलवसुलीसाठी ९ वर्षे ११ महिने १ दिवस मागितला. दुसऱ्याने ७५ वर्षे मागितली. राज्याने ही निविदा प्रक्रियाच मोडीत काढली. पुढे २०१३ मध्ये खासगी भागीदारीसाठी पुन्हा प्रयत्न झाला, तर एकही बोली आली नाही. अखेर हा पूल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जपानी कर्जाच्या साहाय्याने बांधला. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूवर १७,८४० कोटींहून अधिक खर्च झाला.

हा सारा विलंब खटल्यामुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण संदिग्ध निकषाची किंमत कशी चुकवावी लागते, हे या उदाहरणावरून दिसते. बोली लावणारा जेव्हा आकडा लिहितो तेव्हा तो दोन गोष्टींची किंमत लिहीत असतो : एक कामाची आणि दुसरी अनिश्चिततेची. निकष वाकविले जातील, निविदा रद्द होईल, खटला लांबेल, ही प्रत्येक भीती आकड्यात मिसळते. ती भीती फार वाढली की आकडा लिहिणारेच कमी होतात. बोलीवाले कमी झाले की भाव वाढतो आणि तो वाढीव भाव करदात्याला किंवा टोल भरणाऱ्या प्रवाशाला द्यावा लागतो.

नवी मुंबई विमानतळाच्या वेळी निकष तुलनेने स्वच्छ होता : सिडकोला महसुलाचा जास्तीत जास्त वाटा जो देईल त्याला काम. २०१७ च्या फेब्रुवारीत जीव्हीके समूहाच्या नेतृत्वाखालील मुंबई विमानतळ कंपनीने १२.६० टक्के, तर जीएमआर समूहाने १०.४४ टक्के वाटा देऊ केला. पहिल्यास काम मिळाले. पुढे २०२१ मध्ये ही मुंबई विमानतळ कंपनीच अदानी समूहाकडे गेली. परंतु पात्र ठरलेल्या चार स्पर्धकांपैकी बोली लावली ती दोघांनीच, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जुन्या विमानतळाच्या करारामुळे मुंबई विमानतळ कंपनीला या नव्या कामात प्रथम नकाराचा हक्क होता. तिची बोली सर्वोच्च बोलीच्या दहा टक्क्यांच्या आत असती, तर तिला तोच भाव देऊन काम घेता आले असते. प्रत्यक्षात या हक्काचा वापर करावा लागला नाही. तथापि असा हक्क एकाच्या खिशात आहे हे ठाऊक असताना इतरांनी बोलीच्या तयारीवर मोठा खर्च कशासाठी करावा, हा प्रश्न उरतोच.

न्यायालयाने आखून घेतलेली मर्यादा

प्रत्येक निविदा न्यायालयात न्यावी, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. तसे झाले तर रस्ते कागदावरच राहतील. न्यायालयांनी हे फार पूर्वीच ओळखले. मोबाइल दूरध्वनीच्या परवान्यांसंबंधी १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, न्यायालय निर्णयाची पद्धत तपासते. निर्णय योग्य की अयोग्य याचे अपील ऐकत नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या एका कंत्राटाविषयी न्या. सुजाता मनोहर यांनी दिलेल्या रौनक इंटरनॅशनल प्रकरणातील निकालात याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. सार्वजनिक कामाला स्थगिती देण्यापूर्वी विलंबाची आणि वाढीव खर्चाची झळ लोकांना किती बसेल हे पाहिले पाहिजे, आणि स्थगिती मागणारा हरला तर त्याला परिणामांची जबाबदारी घ्यावी लागेल, असे त्यात म्हटले आहे. २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांच्या कंत्राटांना मनाई हुकूम देण्यावर कायद्यानेच निर्बंध आणले. २०२२ मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निविदा नाकारण्यात चूक आढळली तरी काम थांबविण्याऐवजी नुकसानभरपाईचा मार्ग दाखविणे इष्ट.

या सावधगिरीला सबळ कारण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी नव्वदीच्या दशकात खासगी क्षेत्रातून आलेली सर्वांत कमी बोली सुमारे ३,६०० कोटी रुपयांची होती. ती नाकारण्याचा निर्णय तत्कालीन शासनाने घेतला आणि रस्ते विकास महामंडळाने तोच मार्ग सुमारे १,६०० कोटींत करून दाखविला. सर्वांत कमी बोली म्हणजे रास्त बोली नव्हे, आणि शासनाला नाही म्हणण्याचा अधिकार असलाच पाहिजे. प्रत्येक नकारावर स्थगिती मिळू लागली तर असा शहाणपणाचा नकार देण्यास कोणताही अधिकारी धजणार नाही.

म्हणजे न्यायालयाने दार अर्धवट लोटून घेतले ते योग्यच केले. पण अर्धवट लोटलेल्या दारातून आत कोण शिरू शकते, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

दाद मागण्याची किंमत

बॅरिस्टर म्हटले की मराठी वाचकाला बॅ. नाथ पै किंवा रायगडचेच बॅ. अंतुले आठवतात आणि एका जुन्या प्रतिष्ठेचे चित्र डोळ्यांसमोर येते. आजच्या लंडनमध्ये या प्रतिष्ठेचे बारीक बारीक विभाग पडले आहेत. तेथील बॅरिस्टर स्वतंत्रपणे व्यवसाय करतात. पण कचेरी, कारकून व ग्रंथालय यांचा खर्च वाटून घेऊन ते एकत्र बसतात. या कचेऱ्यांना चेंबर्स म्हणतात. मंक्टन, कीटिंग, इलेव्हन केबीडब्ल्यू यांसारख्या चेंबर्समध्ये केवळ सार्वजनिक खरेदीच्या वादांत पारंगत असलेले वकील आहेत. एवढे विशेषीकरण तेथे होऊ शकले, कारण त्यामागे लिखित कायदा आहे. २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आलेल्या ब्रिटिश कायद्यानुसार, निवड जाहीर केल्यावर करार करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे आठ कामाचे दिवस थांबावे लागते. त्या अवधीत दावा दाखल होऊन त्याची सूचना दिली गेली तर करार आपोआप थांबतो.

अशा व्यवस्थेचा उपयोग काय, ते २०१२ मध्ये दिसले. लंडन-ग्लासगो रेल्वेमार्गाचा ठेका दुसऱ्या कंपनीस देण्याच्या निर्णयाला व्हर्जिन कंपनीने आव्हान दिले. खटल्याची तयारी चालू असतानाच परिवहन खात्याला स्वतःच्या आकडेमोडीतील चुका आढळल्या. खात्याने निर्णय मागे घेतला आणि बोलीवाल्यांचा सुमारे चार कोटी पौंडांचा खर्च परत करण्याची तयारी दाखविली. दावा दाखल झाला नसता तर त्या चुका वर्षानुवर्षे कागदात दडून राहिल्या असत्या.

अर्थात लंडनचा न्यायही स्वस्त नाही. भारतात तर करारापूर्वी थांबण्याची अशी सर्वसाधारण कायद्याने बांधलेली मुदत नाही. येथे मार्ग एकच : राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात रिट याचिका. समजा, पनवेलमधील एका लहान ठेकेदाराची पंचवीस लाखांच्या कामाची निविदा तांत्रिक लिफाफ्याच्या टप्प्यावरच बाद झाली. कारण दिलेले नाही, किंवा दिले आहे ते दोन ओळींचे आहे. आर्थिक लिफाफे उघडून कार्यादेश निघण्यास थोडेच दिवस उरले आहेत. तेवढ्यात त्याने कागदपत्रांच्या प्रती मिळवावयाच्या, हार्बर मार्गाने फोर्ट गाठावयाचे, या विषयातील जाणता वकील शोधावयाचा, ज्येष्ठ वकिलाची फी उभी करावयाची आणि कामाला सुरुवात होण्याआधी सुनावणी मिळवावयाची. उशीर झाला तर शेट्टी यांच्या बाबतीत झाले तेच होणार. नुकसानभरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो आणि तो किती काळ चालतो हे कोणास सांगावयास नको. पंचवीस लाखांच्या कामातील नफा तो किती? त्या नफ्याहून दाद मागण्याचा खर्च अधिक असेल तर शहाणा माणूस गप्पच बसणार.

मोठ्या कंपनीचे गणित निराळे असते. हजार कोटींच्या कामात वकिलांची फी हा व्यवसायाचा किरकोळ खर्च होय. म्हणजे सर्वांना सारखे मैदान देणारे तत्त्व प्रत्यक्षात ज्यांना परवडते त्यांच्याच कामी येते. सेतूची निविदा सर्वोच्च न्यायालयात पोहोचली; पालिका शाळेच्या छपराची निविदा पोहोचत नाही.

लहानांना कधीच न्याय मिळाला नाही, असे नव्हे. अंगणवाड्यांच्या घरपोच आहारासाठी महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये काढलेल्या निविदेच्या अटी अशा होत्या की, लहान महिला बचत गट त्यांत बसूच शकत नव्हते. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द ठरविली. येथे अट मोडली गेली नव्हती. अटच दार बंद करण्यासाठी वापरली गेली होती. न्याय मिळाला, पण मध्ये तीन वर्षे गेली आणि दिल्लीपर्यंत जावे लागले. किती बचत गट दिल्लीपर्यंत जाऊ शकतात?

कायदा हवा

सार्वजनिक खरेदीसंबंधीचे विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपले. केंद्राचे काम आज मुख्यतः २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांवर चालते. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये स्वतंत्र कायदे केले व त्यांत अपिलाची तरतूद ठेवली. महाराष्ट्र मात्र १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका, शासन निर्णय आणि परिपत्रके यांवर भागवीत आहे. परिपत्रक अधिकाऱ्याला बांधते. नागरिकाच्या हाती ते हक्क देत नाही.

महाराष्ट्राने असा कायदा करावा आणि त्यात चार गोष्टी असाव्यात. बाद झालेल्या प्रत्येक बोलीवाल्याला कारण लेखी मिळावे. निवड जाहीर झाल्यापासून कार्यादेशापर्यंत दहा दिवसांची सक्तीची थांबण्याची मुदत असावी. जिल्हा पातळीवर, निविदा काढणाऱ्या खात्याबाहेरचा, हिशेब व कायदा दोन्ही जाणणारा अपील अधिकारी असावा आणि त्याने पंधरा दिवसांत कागदपत्रांवरून निर्णय द्यावा. चौथी गोष्ट म्हणजे, खर्च पाहून ठरविलेली माफक अनामत; अपील खोडसाळ ठरले तर ती जप्त व्हावी.

यावर असा आक्षेप येईल की, कामे लांबविण्यासाठी ही आणखी एक पायरी होईल. हा आक्षेप पोकळ नाही. प्रतिस्पर्ध्याला छळण्यासाठी माणसे पुढे केली जातात, हे १९७९ च्या निकालातही नमूद आहे. परंतु पंचवीस दिवसांच्या ठरावीक विलंबाची गणना आधी करता येते. उच्च न्यायालयातील अनिश्चित स्थगितीची करता येत नाही. ठेकेदाराला वेळेची भीती नसते, वेळेच्या अनिश्चिततेची असते. शिवाय कारण लेखी द्यावे लागेल हे ठाऊक असलेला अधिकारी निकष आधीच नीट लिहील; त्यामुळे पुष्कळसे वाद जन्मालाच येणार नाहीत. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही त्याचा आधारच होईल, कारण वरून येणाऱ्या दडपणाला दाखविण्यासाठी त्याच्या हाती कायद्याचे कलम असेल.

विमानतळाभोवती येत्या काही वर्षांत गोदामे, रस्ते, पाणीपुरवठा, स्वच्छता, उपाहारगृहे अशी असंख्य कामे निघतील. ज्यांच्या जमिनीवर ही धावपट्टी उभी राहिली त्यांची मुले यांतली कित्येक कामे करू शकतील. पण त्यांच्यापाशी भांडवल थोडे आहे आणि फोर्टमध्ये ओळखी त्याहून थोड्या आहेत. निविदेचे दार त्यांच्यासाठी खरोखर उघडे आहे की नाही, हे अखेर एका साध्या कसोटीवर ठरेल. दार तोंडावर आपटले गेले तर ते पुन्हा ठोठावण्याचा खर्च त्यांना परवडतो काय? या प्रश्नाला होय असे उत्तर जोवर देता येत नाही, तोवर शेट्टी यांच्या निमित्ताने घालून दिलेला समानतेचा नियम विधी महाविद्यालयांच्या परीक्षेत विचारला जाईल, पण पालिकेच्या आवक-जावक खिडकीवर त्याची ओळख कोणालाच पटणार नाही.